इको झालाय, मग परत हार्टचा एमआरआय कशाला? अमळनेरकडच्या लेकीच्या पत्राला उत्तर

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय.

"मावशी नमस्कार, माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, मी लग्नानंतर पुण्यात असते. माझे वडील, नाना, वय ६१. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं आणि रिपेरिंगचं दुकान आहे आमचं, आयुष्यभर त्यांनी वेल्डिंग ग्राइंडिंगच केलं, आता भाऊ बघतो. बीपी दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले छातीत वेगळा आवाज येतोय, इको (हार्टची सोनोग्राफी) केला, त्यात एऑर्टिक व्हॉल्व्ह (हार्टमधून बाहेर गेलेलं रक्त मागे येऊ न देणारी झडप) लीक आहे, मॉडरेट टू सिव्हिअर, असं आलं. धुळ्याचे हार्टचे डॉक्टर म्हणतात नाशिकला जाऊन कार्डियाक एमआरआय करून आणा, फ्लो, म्हणजे रक्ताचा प्रवाह, मोजायला सांगा. भाऊ म्हणतो इको झाला ना, हे नवीन फॅड आहे, पैसे काढायचे धंदे. आई म्हणते त्या मशीनमा किरणं र्‍हातस ना, अजून काही होईल. आणि नाना एकच धरून बसलेत, माले नही जानं त्या बोगदामा. त्रास विचारला तर म्हणतात काहीच नाही. मी लांबून फोनवर कोणाकोणाला समजावू? करायचा का नाही करायचा?"

बेटा, करायचा. पण तुझ्या प्रश्नांवर यायच्या आधी तू पत्रात जाता जाता जे लिहून गेलीस ना, आयुष्यभर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग, तिथे मी थांबले, कारण सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली आणि ती तू डॉक्टरांना सांगितलीस की नाही हे पत्रात नाहीये. ग्राइंडरवर काम करणार्‍या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण कधी ना कधी उडालेला असतोच, त्यातला एखादा आत रुतून बसतो आणि वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही, माणूस विसरूनही जातो. एमआरआयचं चुंबक बहुतेक ठिकाणी १.५ टेस्लाचं असतं, पृथ्वीच्या चुंबकापेक्षा ३० हजार पटीहून जास्त जोराचं, आणि ते रात्रंदिवस चालूच असतं, पेशंट नसला तरी. त्या जोरात डोळ्यातला लोखंडाचा कण हलला तर आतून जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं की पेशंट वेल्डर आहे, ग्राइंडिंगचं काम केलंय, डोळ्यात कधी कण गेला होता का ते नानांना नीट विचारायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडून कण काढून घेतला होता का ते पण, आणि ते लोक सांगतील तसा डोळ्यांच्या भागाचा साधा एक्सरे आधी काढून घ्यायचा. थोडक्यात होणारी तपासणी आहे आणि अशा कामातल्या माणसांसाठी ती नेहमीची पद्धत आहे, कोणी नाही म्हणणार नाही. सेंटरवर एक फॉर्म भरून घेतात, त्यात हा प्रश्न असतो, पण घाईघाईत घरचे सगळ्यापुढे नाही नाही नाही अशी टिक करून मोकळे होतात, मी एमआरआयच्या मशीनवर काम केलंय, हे रोज बघितलंय. तो फॉर्म तुझ्या भावाला नानांना शेजारी बसवून, एकेक ओळ वाचून भरायला सांग.

आता भावाचा प्रश्न, इको झाला मग परत कशाला. त्याचा राग मला समजतो, एकेक तपासणीला धुळे नाहीतर नाशिक गाठायचं, दुकान बंद, भाडं, जेवण, तपासणीचे पैसे वेगळे, आणि हातात काय तर इंग्रजीतला कागद. पण इथे डॉक्टर तीच तपासणी परत करायला सांगत नाहीयेत. इको फार चांगली तपासणी आहे, स्वस्त आहे, लगेच होते, व्हॉल्व्ह कसा उघडतो मिटतो ते डोळ्यासमोर दिसतं, हार्टच्या कुठल्याही तक्रारीत पहिली तीच करावी. पण लीक नक्की किती आहे हे इकोत बर्‍याच वेळा अंदाजानं ठरवावं लागतं, मागे येणारी धार किती रुंद दिसते, दाब किती लवकर उतरतो, अशा चार-पाच खुणा एकत्र बघून. धार सरळ न येता तिरकी भिंतीला घासत आली किंवा छातीतून चित्रच नीट दिसत नसलं, जुना दमा असलेल्यांचं असं होतं, तर एक खूण म्हणते मध्यम आणि दुसरी म्हणते जास्त. तुमच्या रिपोर्टवरचं "मॉडरेट टू सिव्हिअर" बहुतेक असंच आलेलं असणार. आणि इथेच सगळं अडतं, कारण मध्यम असेल तर ठराविक महिन्यांनी तपासत राहायचं, जास्त असेल तर ऑपरेशनची भाषा सुरू होते. या दोन्हीच्या मधे लोंबकळत असलेल्या पेशंटसाठीच फ्लोचा एमआरआय आहे. तो अंदाज देत नाही, एका ठोक्याला किती मिलीलीटर रक्त पुढे गेलं आणि त्यातलं किती मागे आलं हा आकडा देतो.

हे मोजतात कसं ते सांगते, भावाला वाचून दाखव, लोखंडाचं काम करणारा माणूस आहे, त्याला पटकन कळेल. शेतात पाटाला पाणी सोडलं तर किती पाणी चाललंय हे कसं काढतात, पाटाची रुंदी आणि खोली बघायची म्हणजे पाण्याला जागा किती आहे ते, आणि त्याला पाण्याच्या वेगानं गुणायचं. हार्टमधून निघणारी मोठी नळी म्हणजे एऑर्टा, महाधमनी, तिलाही हेच लागू होतं. व्हॉल्व्हच्या थोडं वर त्या नळीला बरोबर आडवा काप घेतल्यासारखं चित्र काढतात, नळीचं तोंड गोल दिसतं, ते किती मोठं आहे ते मोजता येतं, आणि त्या गोलातल्या प्रत्येक ठिपक्याला रक्ताचा वेग किती आहे ते मशीन सांगतं.

वेग कळतो कसा हा भाग मला स्वतःला फार आवडतो. आपल्या अंगात पाणी, पाण्यात हायड्रोजन, त्याच्या अणूच्या मधोमध एक प्रोटॉन. मोठ्या चुंबकात हे प्रोटॉन ठराविक गतीनं गिरकी घेत असतात, चुंबकाचा जोर जिथे जास्त तिथे गिरकी जलद. मशीनमधे मोठ्या चुंबकाशिवाय ग्रेडियंट नावाच्या वेगळ्या कॉइल असतात, त्या अगदी क्षणभर एका बाजूला जोर वाढवतात आणि दुसर्‍या बाजूला कमी करतात, आणि लगेच बरोबर त्याच्या उलट करतात. जो प्रोटॉन जागेवर बसून आहे, म्हणजे मांसातला हाडातला, त्याची गिरकी पहिल्या वेळी जेवढी पुढे गेली तेवढीच दुसर्‍या वेळी मागे येते, हिशोब शून्य. पण रक्तातला प्रोटॉन तेवढ्यात सरकून दुसर्‍या जागी पोचलेला असतो, त्याचा हिशोब शून्य होत नाही, काहीतरी बाकी राहते, आणि ती बाकी रक्ताच्या वेगाच्या बरोबर प्रमाणात असते, वेग दुप्पट तर बाकी दुप्पट. ती बाकी मशीन मोजतं. याला फेज कॉन्ट्रास्ट म्हणतात, रिपोर्टवर हा शब्द दिसला तर समजून घे की फ्लो मोजलाय. बाहेर जो ठकठक घर्रघर्र आवाज येतो ना, नानांना ज्याची भीती वाटणार आहे, तो याच कॉइलचा असतो.

याच्यात एक गोष्ट टेक्निशियनला आधी ठरवून द्यावी लागते, की जास्तीत जास्त किती वेगापर्यंत मोजायचं. एऑर्टासाठी साधारण सेकंदाला १५० ते २०० सेंटीमीटर ठेवतात. रक्त त्याच्याहून जोरात गेलं तर आकडा उलटा पडतो, पुढे जाणारं रक्त मागे जातंय असं दिसायला लागतं, पांढर्‍याच्या मधोमध एकदम काळा डाग. मग मर्यादा वाढवून तेच परत करावं लागतं. आधीच भरपूर वाढवून का ठेवत नाहीत, तर मग हळू वाहणारं रक्त नीट मोजलं जात नाही, चित्र गढूळ होतं. हे एवढ्यासाठी सांगतेय की आत झोपलेल्या नानांना जर "काका परत एकदा श्वास धरा" असं दोन-तीनदा ऐकू आलं तर त्यांनी घाबरू नये की काहीतरी भयंकर सापडलं. चांगला टेक्निशियन आहे म्हणून परत करतोय.

आता ते चित्र दिसतं कसं ते पण सांगते, कारण भावाला मी एक काम देणार आहे. स्क्रीनवर करड्या रंगाचं चित्र असतं, स्थिर असलेलं सगळं करडं, एका दिशेनं वाहणारं रक्त पांढरं, उलट्या दिशेचं काळं, आणि फुफ्फुसात हवा असल्यामुळे तिथे नुसते मीठ-मिरी सांडल्यासारखे ठिपके. एका ठोक्याची २० ते ३० चित्रं असतात, छातीला ईसीजीचे पॅच लावलेले असतात त्यामुळे मशीनला कळतं की ठोक्याचा कुठला क्षण चाललाय. प्रत्येक चित्रात एऑर्टाच्या कडेनं गोल आखतात आणि कॉम्प्युटर त्याचा आलेख काढतो. हार्ट आवळतं तेव्हा रेघ वर चढते, टोकदार डोंगरासारखी, मग खाली येते, आणि निरोगी माणसाची रेघ शून्यापाशी येऊन जवळपास तिथेच टेकून राहते. व्हॉल्व्ह लीक असेल तर ती शून्याच्या खाली उतरते आणि पुढचा ठोका येईपर्यंत खालीच राहते. तो शून्याखालचा सगळा भाग म्हणजे मागे पडलेलं रक्त. मला विचारशील तर हजार शब्दांच्या रिपोर्टपेक्षा तो आलेख घरच्यांना दाखवावा, कोणालाही कळतो, न शिकलेल्या माणसालाही कळतो. भावाला म्हणावं, डॉक्टरांना सांग मला तो ग्राफ दाखवा, आणि स्वतःच्या डोळ्यानं बघ की शून्याच्या खाली किती आहे.

आकड्याचं उदाहरण देते, नानांचं नाही, समजायला फक्त. साधारण मोठ्या माणसाचं हार्ट एका ठोक्याला ७० मिलीलीटरच्या आसपास रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लीटर. आता समज एखाद्याचं हार्ट ११० मिलीलीटर टाकतंय आणि त्यातलं ४० परत येतंय, म्हणजे अंगाला मिळालं ७०च, माणूस म्हणतो मला काहीच त्रास नाही, बरोबरच आहे त्याचं, अंगाला पुरतंय ना. पण हार्ट ७०च्या जागी ११०ची मेहनत करतंय, रोज, रात्री झोपेतसुद्धा, आणि त्यानं ते हळूहळू मोठं होत जातं. ४० भागिले ११०, म्हणजे ३६ टक्के मागे येतंय, याला रिगर्जिटंट फ्रॅक्शन म्हणतात, आणि तुम्हाला रिपोर्टमधे हाच आकडा शोधायचाय. एमआरआयची अजून एक चांगली गोष्ट म्हणजे आकडा पडताळून बघता येतो. डाव्या कप्प्यातून किती गेलं आणि उजव्या कप्प्यातून किती गेलं हे वेगळ्या चित्रांवरून काढतात, एकच व्हॉल्व्ह लीक असेल तर त्या दोघांतला फरक आणि एऑर्टात मोजलेलं मागे आलेलं रक्त हे जवळपास जुळायला पाहिजे. डावीकडे ११०, उजवीकडे ७०, फरक ४०, जुळलं. नाही जुळलं तर कुठेतरी मोजणीत गडबड आहे, किंवा दुसराही व्हॉल्व्ह लीक आहे, आणि चांगला रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर ते स्वतःहून तपासतो.

आकडा आल्यावर काय, तर ढोबळ मानानं ५० टक्के किंवा जास्त म्हणजे सिव्हिअर हे जुनं माप आहे, पण एमआरआयनं मोजलेल्या पेशंटच्या अभ्यासात असं दिसलंय की एकतृतीयांशाच्या वर गेलं की पुढच्या काही वर्षांत ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता बरीच वाढते. पण नुसत्या त्या एका आकड्यावर कोणी छाती उघडत नाही. त्रास आहे का, डाव्या कप्प्याची ताकद म्हणजे ईएफ ५५ टक्क्यांच्या खाली चाललाय का, कप्पा आवळल्यावर सुद्धा ५ सेंटीमीटरपेक्षा मोठा राहतोय का, हे सगळं एकत्र बघतात. एऑर्टा फुगलीय का हे पण याच एमआरआयमधे मोजून होतं, आणि एऑर्टिक लीकमधे ते बघायलाच पाहिजे, कारण कधी कधी नळी फुगल्यामुळेच व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

आणि नानांच्या "काहीच त्रास नाही" यावर माझा विश्वास नाहीये, राग मानू नको. आपल्याकडची माणसं चालताना दम लागायला लागला की चालणं कमी करतात आणि म्हणतात त्रास नाही. तू एक काम कर, नानांना विचारू नको, आईला विचार. आधी मळ्यात पायी जायचे ते आता गाडीवर जातात का, बाजारातून येताना मधे पारावर टेकतात का, दुपारी झोपायला लागलेत का, रात्री उशी वाढवलीय का. आई जे सांगेल ते कागदावर लिहून डॉक्टरांना दे, त्याची किंमत एमआरआयइतकीच आहे.

हे नवीन फॅड आहे हे भावाचं म्हणणं मात्र चुकीचं आहे, ते त्याला सांग. चुंबकाच्या या तंत्रानं रक्ताचा वेग मोजायचं काम अमेरिकेत जे. आर. सिंगर या शास्त्रज्ञानं १९५९ मधे उंदराच्या शेपटीवर करून दाखवलं होतं, एमआरआयनं शरीराचं चित्र काढता येतं हे कळायच्याही आधी. पुढे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी चित्र काढायची वाट दाखवली, त्याबद्दल त्यांना २००३ मधे वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि १९८०च्या दशकापासून माणसाच्या हार्टमधला फ्लो असा मोजला जातोय. आपल्या भागात ही सोय उशिरा पोचली आणि अजूनही सगळीकडे नाहीये, म्हणून आपल्याला ती नवी वाटते, हे मला खटकतं पण आहे ते असं आहे. नवीन जे आलंय ते फोर-डी फ्लो, त्यात एकाच वेळी सगळ्या दिशांनी वेग मोजतात आणि रंगीत भोवरे दिसतात, फार सुंदर दिसतं, जन्मतःच हार्टची रचना वेगळी असलेल्या मुलांसाठी त्याचा खरा उपयोग आहे. नानांच्या एका व्हॉल्व्हच्या लीकला साधा टू-डी फ्लो पुरेसा आहे, कोणी फोर-डीचे जास्त पैसे सांगितले तर आधी धुळ्याच्या डॉक्टरांना विचारा.

आईला सांग, एमआरआयमधे एक्सरे-सीटीस्कॅनसारखी किरणं नसतात, चुंबक आणि रेडिओच्या लहरी असतात. आणि फ्लो मोजायला कुठलंही इंजेक्शन लागत नाही, वाहणारं रक्त स्वतःच दिसतं. पण हार्टच्या मांसावर कुठे व्रण आहे का हे बघायला डॉक्टरांनी गॅडोलिनियमचं इंजेक्शन सांगितलेलं असू शकतं, ते असेल तर किडनी बरी आहे ना हे आधी बघावं लागतं, नानांना बीपी आहे म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.

राहिला नानांचा बोगदा. खोटं सांगून नेऊ नका, "काही नाही हो नाना, फोटो काढायचाय" असं सांगून नेलेला माणूस आत गेल्यावर बिथरतो आणि मग आयुष्यात परत जात नाही. खरं सांगा. हार्टचं चित्र काढायचं म्हणजे छाती मशीनच्या मधोमध लागते, त्यामुळे डोकंही आत जातं, पाऊण तास ते तासभर लागतो, आवाज मोठा असतो. पण नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते, आत उजेड असतो, वारा असतो, कानाला हेडफोन लावतात, टेक्निशियन सारखा बोलत असतो, आणि हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की लगेच बाहेर काढतात. डोळ्यावर रुमाल टेबल आत जायच्या आधीच ठेवायला सांगा, आत गेल्यावर डोळे मिटण्यापेक्षा बंद डोळ्यांनीच आत जाणं कितीतरी सोपं जातं. तरीही फारच घाबरत असतील तर सौम्य गोळी देता येते का ते डॉक्टरांना आधी विचारा, स्वतःच्या मनानं झोपेची गोळी देऊ नका, कारण नानांना आत जागं राहून श्वास धरायचाय.

आणि श्वासाची प्रॅक्टिस हे खरं काम आहे, त्यावर सगळ्या तपासणीचा दर्जा ठरतो. श्वास आत घ्या, बाहेर सोडा, आता थांबा, असं सांगतात, आणि बाहेर सोडलेल्या श्वासावर १०-१५ सेकंद थांबायचं असतं. लोक सवयीनं छाती भरून घेऊन थांबतात, मग प्रत्येक वेळी हार्ट वेगळ्या जागी येतं आणि चित्रं पुसट होतात. घरी रोज संध्याकाळी ओट्यावर झोपवून नातवंडांना मोजायला लावा, श्वास सोडून बारापर्यंत थांबायचं, जमेल तेवढंच, दम लागला तर सोडून द्यायचं. तेही नाही जमलं तरी श्वास चालू ठेवून मोजायच्या पद्धती आहेत, वेळ जास्त लागतो इतकंच. ठोके अनियमित पडत असतील तर ते आधी सांगा, कारण मशीन बर्‍याच ठोक्यांची सरासरी काढत असतं. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करा म्हटल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

जायच्या दिवशी अंगावरचं लोखंड. आपल्याकडच्या पुरुषांच्या अंगावर कुठे कुठे काय असतं हे घरच्यांच्याही लक्षात नसतं. करदोड्याला अडकवलेली किल्ली, दंडाचा ताईत, बंडीच्या आतल्या खिशातली चिल्लर, तंबाखू-चुन्याची डबी, कंबरेचा पट्टा, खिशात विसरलेला नटबोल्ट, दुकानातून थेट आलेल्या माणसाच्या खिशात हमखास निघतो. सगळं घरीच काढून या. कवळी असेल तर सांगा. पायात रॉड-प्लेट, आधीची स्टेंट, पेसमेकर असं काही असेल तर त्याचे कागद दाखवा, स्टेंटला सहसा अडचण नसते पण पेसमेकरचं कार्ड बघितल्याशिवाय आत नेत नाहीत. आई सोबत मशीनच्या खोलीत जाणार असेल तर तिनंही मंगळसूत्र, जोडवी, पदराच्या सेफ्टीपिना, केसातल्या पिना काढायच्या, मोबाईल आणि एटीएम कार्ड बाहेर.

नाशिकला निघायच्या आधी सेंटरला फोन करून विचारायचं की तुमच्याकडे कार्डियाक एमआरआय होतो का आणि फ्लो मोजून आकड्यासकट रिपोर्ट मिळतो का, कारण एमआरआयचं मशीन असणं वेगळं आणि हार्टचं सॉफ्टवेअर आणि ते वाचणारा डॉक्टर असणं वेगळं. मेंदू आणि मणक्याचे एमआरआय सगळीकडे होतात, हार्टचं तसं नाहीये. धुळ्यावरून मालेगाव करत नाशिकपर्यंत जायचं आणि तिथे कळायचं की इथे होत नाही, हे टाळा. पैसे किती, इंजेक्शनचे वेगळे का, हेही फोनवरच. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारासाठी आहे, बाहेरच्या सेंटरवर नुसता एमआरआय केला तर ते पैसे बहुतेक खिशातूनच जातील, पण योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला व्हॉल्व्हच्या ऑपरेशनबद्दल आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे पुढे वेळ आलीच तर रेशनकार्ड, आधार शोधत फिरायला नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं "कार्डियाक एमआरआय" नको, एऑर्टिक लीक आहे आणि एऑर्टाचा फ्लो पाहिजे हे स्पष्ट लिहून घ्या. इकोचा रिपोर्ट सोबत न्या. येताना फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, पुढच्या वर्षी परत मोजायची वेळ आली तर तुलना करायला तीच लागते.

आणि भावाला एक गोष्ट धुळ्याच्या डॉक्टरांना सरळ विचारू दे, त्याचा तो हक्कच आहे, की आकडा कमी आला तर तुम्ही काय करणार आणि जास्त आला तर काय करणार. दोन्हीची उत्तरं वेगळी आली तर तपासणी करायलाच पाहिजे. डॉक्टर म्हणाले की आकडा काहीही आला तरी ऑपरेशन करावंच लागेल, किंवा काहीही आला तरी थांबायचंच आहे, तर मग ही तपासणी नक्की कशासाठी हे अजून एकदा विचारा. तुमच्या रिपोर्टवरून मला वाटतं उत्तरं वेगळीच येतील, म्हणून मी वर करायचा असं म्हटलं.

तारीख मिळेपर्यंत नानांना रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, किंवा आठवडाभर ताप हटत नसला, तर एमआरआयची वाट बघायची नाही, लगेच हार्टच्या डॉक्टरांकडे न्यायचं. लीक व्हॉल्व्हवर जंतू बसू शकतात, म्हणून तापावर गावातच अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करून देऊ नका, आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, पाठवायला लागतं. हा शेवटचा भाग आईला फोनवर दोनदा वाचून दाखव, आणि डोळ्यांच्या एक्सरेचं आजच भावाला सांग.